रोशाचे तेल आणि उडदाचे पीठ

शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, माझ्या माहेरची पाच-सहा एकर जमीन अशी आहे की तिच्यात नांगर घातला तर मातीपेक्षा दगडच जास्त वर येतो. तापीकाठच्या काळ्या शेतांत केळी, पपई आणि ऊस उभे असतात, तेव्हा या बरडावर कापूससुद्धा गुडघ्याच्या वर जात नाही. माझ्या थोरल्या चुलतभावांनी, ज्यांना घरात आणि गावात सगळेच जिभाऊ म्हणतात, काही वर्षांपूर्वी या जमिनीत रोशा नावाचे सुगंधी तेलाचे गवत लावले आणि विहिरीजवळ पत्र्याची शेड उभारून तेल काढण्याची टाकी बसवली. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली असल्यामुळे पहिल्या कापणीच्या वेळी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. ऊर्ध्वपातनाची, म्हणजे द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करण्याची, आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली होती की डोळे मिटूनही काढता आली असती. मात्र पाचशे किलो गवत भरलेल्या टाकीसमोर मी त्याआधी कधीही उभी राहिले नव्हते.

त्या दिवशी पाच तास भट्टी चालली. हिशेबाप्रमाणे शंभर किलो गवताला अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे एकूण दोन-अडीच किलो तेल यायला हवे होते. प्रत्यक्षात एक किलोही भरले नाही, आणि जे आले त्याला गुलाबासारखा गोड वास असण्याऐवजी करपलेल्या भाकरीची छटा होती. शेडमध्ये मात्र सुगंध असा भरून राहिला होता की रस्त्यावरून जाणारे लोक थांबून विचारत होते. जिभाऊंनी एकदा नाक वर करून हवा हुंगली, एकदा हातातल्या बाटलीकडे पाहिले आणि म्हणाले, "वास तं येस, पन तेल कोठे शे?" या अहिराणी प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचा पुढचा सगळा हंगाम गेला, आणि ही नोंद मुख्यतः त्या उत्तराविषयी आहे.

त्याआधी नावाचा घोळ निस्तरणे भाग आहे, कारण मला त्याचा खरोखर राग येतो. हल्ली दुकानांत मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांवर 'आवश्यक तेल' आणि क्वचित 'अत्यावश्यक तेल' असेही छापलेले दिसते. इंग्रजीतल्या 'इसेन्शियल' या शब्दाचा इथे 'गरजेचे' या अर्थाशी काहीही संबंध नाही. वनस्पतीचा 'इसेन्स', म्हणजे तिचे सार किंवा सत्त्व, या अर्थाने युरोपातल्या जुन्या किमयागारांनी तो शब्द वापरला आणि तो टिकून राहिला. आपल्याकडे अर्क, सुगंधी तेल, बाष्पनशील तेल असे सरळ शब्द असताना शब्दकोशातले पहिले प्रतिशब्द उचलून चिकटवण्याचे कारण नव्हते. यांपैकी 'बाष्पनशील' हा शब्द थोडा अवघड असला तरी सर्वांत नेमका आहे, कारण ही तेले उडून जातात. घाण्यावर काढलेल्या शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब कागदावर टाकला तर त्याचा डाग कायमचा राहतो. रोशाच्या किंवा लिंबाच्या सालीच्या तेलाचा थेंब टाकला तर काही तासांत कागद जवळजवळ पूर्ववत होतो. पहिले तेल बियांमध्ये साठवलेले खाद्य आहे आणि दुसरे वनस्पतीने आपल्या पेशींत, ग्रंथींत किंवा नलिकांमध्ये तयार करून ठेवलेल्या अनेक सुवासिक रसायनांचे मिश्रण आहे. दोन्हींना आपण तेल म्हणतो एवढेच त्यांच्यातले साम्य.

उडून जाण्याचा हा गुण हेच तेल बाहेर काढण्याचे साधन आहे, आणि इथे जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. रोशाच्या तेलात तीन-चतुर्थांशाहून अधिक हिस्सा जिरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा असतो, आणि हे द्रव्य एकटे तापवले तर सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळते. गवत तेवढ्या उष्णतेवर नेले तर तेल निघण्याच्या आत त्याचा कोळसा होईल. परंतु पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, आणि न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले असता प्रत्येक जण जणू दुसरा तिथे नाहीच अशा रीतीने आपापली वाफ सोडतो. दोघांच्या वाफेच्या दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. ही बेरीज पाण्याच्या एकट्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडी अलीकडेच पूर्ण होत असल्यामुळे २३० अंशांचे द्रव्य शंभर अंशांच्याही आत, पाण्याच्या वाफेचा हात धरून बाहेर पडते. तेलाच्या एका हिश्शाबरोबर पाण्याचे कितीतरी हिस्से वाहून येतात हे खरे, पण थंड झाल्यावर दोघे पुन्हा वेगळे होतात आणि रोशाचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते. वर्गात हे शिकवताना मुलांना ते गणितातली युक्ती वाटायचे. टाकीजवळ उभे राहिल्यावर कळते की या युक्तीला वेळ लागतो, कारण पानाच्या आत पेशींमध्ये अडकलेले तेल आधी उष्ण ओलाव्याबरोबर झिरपत पृष्ठभागावर यावे लागते आणि मगच वाफ त्याला उचलू शकते. जाळ वाढवून या झिरपण्याला फारशी घाई करता येत नाही.

आम्ही घाई केली होती. आमच्या टाकीत तळाशी पाणी, त्याच्या वर भोकांची जाळी आणि जाळीवर गवत अशी रचना आहे. जाळ इतका मोठा ठेवला की चौथ्या तासाला पाणी जाळीच्या कितीतरी खाली गेले, तळ कोरडा तापला आणि जाळीतून गळून पडलेला पाला करपला. करपलेला वास तिथून आला. दुसरी चूक गवत भरण्यात होती. मजुरांनी एका बाजूला पायांनी दाबून भरले आणि दुसऱ्या बाजूला नुसते टाकले. वाफ हा आळशी प्राणी आहे. सैल वाट सापडली की ती त्याच वाटेने सरळ वर निघून जाते आणि दाबलेल्या गवताला शिवतही नाही. टाकी उघडली तेव्हा अर्धे गवत पिवळे-तपकिरी आणि मऊ झालेले होते आणि अर्धे जवळजवळ हिरवेच होते. तिसरी चूक गारव्याची. वाफ थंड करणारी कंडेन्सरची नळी ज्या हौदातून जाते त्या हौदातले पाणी आम्ही सकाळी भरले आणि विसरून गेलो. खानदेशातला ऑक्टोबर आणि शेजारी भट्टी, त्यामुळे दुपारपर्यंत ते पाणी अंघोळीच्या पाण्याहून कढत झाले. नळीतून पाण्याबरोबर थंड न झालेली वाफही फसफसत बाहेर पडू लागली. रस्त्यावरच्या लोकांना आला तो वास म्हणजे जिभाऊंचे दीड किलो तेल होते.

चौथी चूक मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती, ती दाखवली धडगावकडून कापणीच्या कामाला आलेल्या एका वयस्कर पावरा आदिवासी बाबांनी. टाकीच्या झाकणाला रबरी पट्टी होती, ती एका बाजूला कडक होऊन चिरली होती आणि तिथून बारीकशी वाफ सतत निसटत होती. बाबा बराच वेळ लांबून पाहत होते. मग त्यांनी जिभाऊंना शांतपणे विचारले की घरात उडदाचे पीठ आहे का. पीठ आले, ते घट्ट मळून त्यांनी झाकणाच्या फटीभोवती बोटभर जाडीची वळी दाबून बसवली. वाफेच्या उष्णतेने ती काही मिनिटांत शिजून चिवट झाली आणि गळती थांबली. सातपुड्यात मोहाची फुले आंबवून त्यांचा अर्क काढणाऱ्यांना मडक्याचा सांधा कसा लिंपायचा, वरचे पाणी कधी बदलायचे आणि जाळ कधी मागे ओढायचा हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिथे मद्यार्क आणि इथे सुगंधी तेल एवढाच फरक. भांडे, वाफ आणि गारवा यांचे नाते तेच आहे. माझी पदवी त्या दिवशी त्या उडदाच्या वळीपुढे थोडी फिकी पडली हे मी मोकळेपणाने मान्य करते.

हे घडल्यानंतर मला जुन्या वर्णनांची आठवण झाली. रोशाचे तेल खानदेशाला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत आणि पलीकडे निमाडात रानातले गवत कापून ओढ्याच्या काठीच भट्ट्या लावल्या जात. मोठ्या कढईसारखे भांडे, त्यावर लाकडी झाकण, झाकणातून निघालेली बांबूची नळी आणि नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, असा तो सरंजाम असे. ओढ्याचे पाणी आपणहून बदलत राहते हे त्या लोकांना उमगले होते. आम्ही मात्र हौद बांधून तेच पाणी तापवत बसलो. हे तेल मुंबईला जाई, तिथून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात पोहोचे, आणि युरोपच्या बाजारात त्याला बराच काळ 'तुर्की जिरेनियम तेल' म्हटले जाई, जरी ते तुर्कस्तानात निघत नव्हते आणि जिरेनियमच्या झाडाशीही त्याचा संबंध नव्हता. त्याचा मोठा उपयोग गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी होत असे. डिंकाच्या पाण्याबरोबर घुसळून आणि उन्हात ठेवून त्याचा वास आणि रंग मऊ केला जाई, आणि मग ते बल्गेरियातल्या गुलाबतेलात मिसळले जाई. साडेतीन-चार हजार किलो पाकळ्यांतून जेमतेम एक किलो गुलाबतेल निघते हे लक्षात घेतले म्हणजे या भेसळीमागचा मोह समजतो. खानदेशाच्या बरडावरचे गवत असे आडवाटेने बड्या घरांतल्या अत्तरदाण्यांत पोहोचले, पण गुलाबाच्या नावाने.

रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया, आणि नवख्याला ते उभ्या पिकात ओळखता येत नाहीत. मोतिया कोरड्या, उघड्या, उन्हाच्या उतारावर तुरळक वाढतो. सोफिया सखल आणि ओलसर जागी दाट माजतो. मोतियाचे तेल ते खरे 'पामरोझा', गोड आणि गुलाबी. सोफियाच्या तेलाला 'जिंजरग्रास' म्हणतात, त्याचा वास उग्र आणि भाव कमी. बी घेताना हे विचारले नाही तर सगळी मेहनत वाया जाते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, जिला सगळे 'सीमॅप' म्हणून ओळखतात, मोतियाच्या सुधारित जाती दिल्या आहेत आणि जिभाऊंनी सुदैवाने त्यांपैकीच एक लावली होती. कापणीची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानांत असते, दांड्यात फारसे नसते. म्हणून फुलोरा पूर्ण बाहेर पडल्यानंतर आठवडाभरात कापणी करावी, जमिनीलगत न कापता वरचा भाग घ्यावा आणि दिवसभर सावलीत सुकू द्यावा. सुकल्याने पाणी कमी होते, टाकीत गवत जास्त मावते आणि सरपणही वाचते.

दुसऱ्या वर्षी आम्ही टाकीत गवत थराथराने, सगळीकडे सारखे दाबून भरले, हौदात विहिरीचे पाणी बारीक धारेने वाहते ठेवले आणि जाळ मध्यम राखला. पहिल्या तासात तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरच्या काचेत तेलाचा सोनेरी थर डोळ्यांदेखत जाड होत गेला, तिसऱ्या तासाला वाढ मंदावली आणि साडेतीन तासांनी आम्ही थांबलो. दोन किलो आणि वर थोडे. ते वेगळे करून, त्यात राहिलेला पाण्याचा अंश निर्जल सोडियम सल्फेटने काढून टाकून, ॲल्युमिनियमच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरले. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आतल्या हवेला तेल बिघडवण्याचे आमंत्रण.

शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याने हे पाहून विचारले की याच टाकीत मोगरा का घालू नये, भाव तर कितीतरी जास्त आहे. प्रश्न चांगला होता, कारण त्याच्या उत्तरात या विद्येचे मर्म आहे: वनस्पतीने तेल कुठे आणि कसे ठेवले आहे यावर ते काढण्याची रीत ठरते. पुदिना आणि तुळस यांचे तेल पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत, जवळजवळ उघड्यावर असते, म्हणून ते लवकर निघते. वाळ्याचे तेल मुळाच्या आत खोल असते आणि त्याचे घटक जडही असतात, त्यामुळे वाळ्याची भट्टी दिवसभर आणि पुष्कळदा रात्रभरही चालवावी लागते. लिंबाच्या सालीत तेलाच्या पिशव्याच असतात. सालीचा तुकडा दिव्याच्या ज्योतीजवळ नेऊन दाबला तर उडणाऱ्या तुषारांनी ज्योत फडफडते, हा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी खेळलेला आहे. त्यासाठी उष्णता लागतच नाही, साल दाबली किंवा खरवडली की पुरे, आणि उलट तापवल्याने त्या तेलाचा ताजेपणा जातो.

मोगऱ्याची गोष्ट सर्वांत नाजूक. मोगरा, जाई, चमेली ही फुले खुडल्यानंतरही काही तास सुगंध निर्माण करीत राहतात. त्यांच्यात साठा असा थोडाच असतो. वाफेत टाकली की फूल तत्क्षणी मरते, पुढचा सुगंध निर्माण होतच नाही आणि असलेला बिघडतो. म्हणून फ्रान्समध्ये काचेच्या तावदानांवर चरबीचा थर देऊन त्यावर रोज ताजी फुले मांडत आणि चरबीला सुगंध प्यायला लावत. आपल्या देशात याहून देखणी रीत होती: तीळ आणि फुले यांचे थर एकावर एक रचायचे, फुले बदलत राहायचे, आणि शेवटी तो सुवासिक झालेला तीळ घाण्यात पिळायचा. आज बहुतेक ठिकाणी हेक्झेनसारखा द्रावक वापरून आधी मेणचट 'काँक्रीट' आणि त्यापासून अल्कोहोलने 'ॲब्सोल्यूट', म्हणजे मेण काढून टाकलेला सुगंधी अर्क, काढतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजची देग-भपका पद्धत या सगळ्यांहून वेगळी; तिथे तांब्याच्या देगेतली वाफ नळीतून ज्या भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते त्यात आधीच चंदनाचे तेल असते, आणि गुलाबाचा किंवा केवड्याचा सुगंध थेट त्या चंदनात मुरतो. गुलाबाचे एक महत्त्वाचे द्रव्य पाण्यात विरघळून राहते, त्यामुळे नुसते तेल काढले तर सुगंधाचा एक भाग गुलाबपाण्यातच जातो. चंदनाच्या तेलात तो पुष्कळसा धरला जातो.

नंदुरबारच्या मिरचीविषयीही हमखास विचारणा होते. पथारीवर वाळत पडलेली ती लाल मिरची पाहून तिचेही असेच तेल निघत असेल असे वाटणे साहजिक आहे. पण मिरचीचा तिखटपणा ज्याच्यामुळे आहे ते कॅप्सेसिन वाफेबरोबर येत नाही, तिचा लाल रंगही येत नाही. तिच्यापासून निघते ते ओलिओरेझिन, म्हणजे तिखटपणा आणि रंग असलेला दाट राळेसारखा अर्क, आणि ते द्रावकाने किंवा प्रचंड दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढावे लागते. हा वायू ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाच्या पुढे ना धड वायू राहतो ना धड द्रव, आणि त्या अवस्थेत तो उत्तम द्रावक होतो. दाब काढला की तो उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. ते यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे नाही.

बाटलीतले तेल म्हणजे रोपातले तेल जसेच्या तसे, हा समजही सोडावा लागतो. कॅमोमाइलच्या फुलांपासून गडद निळे तेल निघते, पण फुलात निळे काहीच नसते. फुलातले एक रंगहीन द्रव्य वाफेच्या उष्णतेत मोडते आणि त्यातून निळे चॅमाझुलीन तयार होते. म्हणजे भट्टी नुसती काढत नाही, थोडेफार घडवतेही. आमचे करपलेले तेल हेही याच नियमाचे, जरा कमी देखणे, उदाहरण होते.

रोशाचा हंगाम संपल्यावर टाकी रिकामी बसली, तेव्हा जिभाऊंनी ओवा घालून पाहायचे ठरवले. ओव्याचे तेल दाण्याच्या सालीखालच्या नलिकांत बंद असते, म्हणून तो भरडून घ्यावा लागतो. अख्ख्या ओव्यावर वाफ नुसती फिरून परत येते. उतारा रोशापेक्षा कितीतरी चांगला, शंभराला दोन-तीन किलो, आणि थंडीच्या दिवसांत त्यातून थायमॉलचे पांढरे खडेही सुटतात, ज्यांना बाजारात ओव्याचे फूल म्हणतात. आम्ही टाकी नीट धुतली होती. तरीही पहिल्या घाण्याच्या ओव्याच्या तेलाला मागून रोशाचा गुलाबी वास येत होता, कारण कंडेन्सरच्या नळीत मागच्या हंगामाचे तेल चिकटून बसले होते. व्यापाऱ्याने बाटली हुंगली आणि हसून परत केली. त्यानंतर आम्ही दोन वेळा नुसते पाणी भरून भट्टी चालवली, नळीतून येणारे पाणी बिनवासाचे होईपर्यंत, आणि पुढचा ओवा व्यवस्थित निघाला. ती परत आलेली बाटली वहिनींनी ठेवून घेतली आहे. सर्दी झाली की त्यातले दोन थेंब वाटीभर शेंगदाण्याच्या तेलात टाकून त्या मोठ्या माणसांच्या छातीला चोळतात, आणि तेवढा वेळ घरात ओवा आणि गुलाब असा चमत्कारिक वास दरवळत राहतो.